माझ्या कोट्यातल्या दोन ओव्हर

आमच्या किनारा इलेव्हनमध्ये बॉलिंग कोण टाकणार हे बॉलिंग बघून ठरत नसे, गाडी बघून ठरे.

हसू नका, त्यामागे विचार होता. आमचं मैदान मस्कतच्या टोकाला, माबेलाच्याही पलीकडे. डांबरी रस्ता संपला की खडीतून हाडं खिळखिळी करत जायचं, मग एका उजाड टेकाडाखाली सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर ठोकलेली हिरवी मॅट दिसते. बस तिकडे जात नाही. टॅक्सीवाला एकदा येतो आणि पुढच्या वेळी फोन उचलत नाही. तेव्हा शुक्रवारी पहाटे मस्कतभर फिरून अकरा जणांना झोपेतून उठवून आणणाऱ्या माणसाला काहीतरी मिळायला हवंच होतं. म्हणून आमचा कॅप्टन दयानंद याने नियम काढला: जो गाडी आणेल त्याला चार ओव्हर. गाड्या पाच, ओव्हर वीस. गणित इतकं चपखल बसलं की दयानंदला ते स्वतःचंच कर्तृत्व वाटायचं.

मी त्या पाचांतला एक. मधु, राहणार अल् घुब्रा, ऑफिसांना एसी विकतो. माझा ऑफस्पिन फिरत नाही, पण मी फिरवतोय असं दिसतं. दयानंद स्वतः मध्यमगती टाकायचा, म्हणजे मध्यम होता आणि गती नव्हती. झैन आणि महमूद हे मावसभाऊ एकमेकांपेक्षा वाईट टाकायची शर्यत लावायचे. खरा वेगवान बॉलर एकच, अरमान. चोविशीतला रत्नागिरीचा पोरगा, हात असा की बॉल दिसायचा नाही. फक्त तो बॉल स्टंपांच्या आसपास क्वचित जायचा. एकदा त्याचा वाइड इतका वाइड होता की स्लिपमधल्या माणसाने तो अंगावर घेतला.

आणि या सगळ्या काळात अमीनभाई मुकादम ताडपत्रीच्या सावलीत बसून आमची बॉलिंग बघत असत. अमीनभाई म्हणजे सीबच्या बाजारात होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग विकणारे, मूळचे हर्णैकडचे, पन्नाशीला टेकलेले, दाढीला मेंदी लावून ती कशी दिसते हे दुसऱ्यांना विचारणारे गृहस्थ. एके काळी मस्कतच्या मॅटवर त्यांच्या कटरला तोड नव्हती, असं सगळे म्हणत. सगळ्यांत जास्त वेळा ते स्वतः म्हणत. पण खांदा गेला आणि सहा वर्षांपूर्वी त्यांनी बॉल ठेवला. तेव्हापासून ते आमचे कायमचे अंपायर.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या डिव्हिजनमध्ये अंपायर बाहेरून येत नाहीत. जी टीम बॅटिंग करते, तिचेच दोन जण कोट घालून उभे राहतात. त्यामुळे एलबी हा प्रकार आमच्याकडे जवळपास नाहीसाच झाला होता. स्वतःच्या टीमच्या माणसाला पायचीत देऊन पुन्हा त्याच्याच गाडीतून घरी कोण जाणार? अपवाद एकच, अमीनभाई. त्यांनी सेमीफायनलमध्ये दयानंदला, म्हणजे स्वतःच्या कॅप्टनला, पहिल्याच बॉलवर एलबी दिलं होतं. दयानंद महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. समोरच्या टीम मात्र अमीनभाईंना बघून उठून सलाम करायच्या.

ही २०१५च्या डिसेंबरची गोष्ट. एका शुक्रवारी आम्ही असा मार खाल्ला की काय सांगू. झैनची एक ओव्हर तर संपेचना, वाइडवर वाइड. सामना हरून आम्ही चहा पीत होतो. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. तेवढ्यात अमीनभाई उठले, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, "पुढच्या जुम्याला मी टाकतो."

"काय टाकता?" दयानंदने विचारलं. त्याला वाटलं, ताडपत्री.

"बॉल. आनखी काय? डोल्यांनी बघवत नाय मला ह्या."

"खांद्याचं काय?"

"खांदा माजा हाय. दुकानाच्या मागं दोन म्हयने भिंतीवर टाकतोय रोज. हवाबीला विचार, तिला आवाजानं झोप नाय."

आम्ही सगळे खूश झालो. मग दयानंद म्हणाला, "पण कोणाच्या कोट्यातून?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. कारण अमीनभाईंकडे गाडी नव्हती. पंचवीस वर्षं ओमानमध्ये काढून या माणसाला लायसन मिळालेलं नव्हतं. इथे टेस्टला ड्रम मांडून ठेवतात आणि त्यांच्या मधून गाडी मागे घ्यायला लावतात. अमीनभाई दर वेळी एक ड्रम पाडायचेच. बॉल हवा तिथे पाडणाऱ्या माणसाला गाडी मात्र हवी तिथे नेता येईना. शेवटी त्यांनी तो नाद सोडला आणि माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसू लागले.

"ते मधुच्या गाडीतून येतात," दयानंद म्हणाला. "म्हणजे मधुच्या चारातल्या दोन त्यांना. हा शेवटचा लीग सामना. त्या दोन ओव्हरमध्ये जमलं तर पुढच्या सीझनला टीममध्ये बॉलर म्हणून. नाही जमलं तर कोट. मग हा विषय पुन्हा नाही."

"मंजूर," अमीनभाई म्हणाले. "नाय जमला तर मी परत बोलनार नाय."

मला कोणी विचारलंच नाही. माणसाला गाडीत बसवण्याची शिक्षा म्हणून स्वतःच्या निम्म्या ओव्हर जातात, हा कुठला न्याय? घरी जाऊन नयनाला, म्हणजे बायकोला, मी हे रागारागाने सांगितलं. ती मैथिलीची वेणी घालत होती. म्हणाली, "बरं झालं. उरलेल्या दोनही देऊन टाक." सहा वर्षांच्या मैथिलीने तिच्या इंग्रजी शाळेतल्या मराठीत विचारलं, "बाबाचा बॉल लोक दूर का मारते?" या घरात मला कसलाच आधार नाही.

पुढच्या शुक्रवारी अंधारातच मी अल हैलला अमीनभाईंच्या दारात गाडी उभी केली. ते पांढऱ्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत तयार होते. त्यांच्या मागोमाग हवाबीभाभी आल्या, हातात सांदणांचा डबा. डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, "मधुभाऊ, खांदा घेऊन चाललायस, खांदा घेऊनच परत आन हां. रात्रभर तेल चोलून हात दुखला माजा."

वाटेत अमीनभाई एक शब्द बोलले नाहीत. एरवी माबेला येईपर्यंत ते मला हर्णैच्या मासळीबाजारापासून ओमानच्या सरकारापर्यंत सगळं ऐकवतात. त्या दिवशी फक्त उजवा हात मांडीवर ठेवून बोटं उघडत मिटत होते. ते बघून माझा राग निम्मा उतरला. दोन ओव्हरसाठी हा माणूस इतका घाबरलाय आणि मी कोट्याचा हिशेब करतोय, याची मला जरा शरम वाटली. अगदी जराशीच.

समोर एका कार्गो कंपनीची टीम होती. पंजाबी, मल्याळी, सगळे दणकट गडी. आम्ही पहिल्यांदा बॅटिंग करून एकशे सव्वीस केल्या. आमच्या मॅटवर एवढ्या धावांत कोणी जिंकत नाही. त्यांच्याकडून अंपायरिंगला आला गुलजार, त्यांचाच जुना ओपनर, आडव्या अंगाचा, सदा हसरा. अमीनभाईंना बॉल घेताना बघून तो म्हणाला, "अरे अमीनभाई, आज आप? कोट किसको दिया?"

"खूंटी पे टाँगा है," अमीनभाई म्हणाले. हसले नाहीत.

पहिली ओव्हर अरमानची. नेहमीप्रमाणे चौदा धावा, त्यात वाइड किती हे मोजायचं नाही असा आमच्यात अलिखित करार आहे. मग अमीनभाई. सहा पावलांचा रनअप. खांद्याच्या वर हात जेमतेम गेला. बॉल इतका हळू गेला की त्यांचा ओपनर बॅट फिरवून मोकळा झाला आणि मग बॉल पोचला. दुसरा तसाच, फक्त मॅटवर पडून आत वळला. तिसरा बाहेर गेला. टप्पा एकच, सहाच्या सहा वेळा. बॅट्समन पुढे यावं की मागे जावं या विचारात मध्येच अडकायचा. ओव्हरमध्ये एक धाव गेली, तीही चुकून.

पाचव्या बॉलला बॉल पॅडवर आदळला. आम्ही सगळे ओरडलो, अगदी सीमारेषेवरचा महमूदसुद्धा. गुलजार विचारात पडला. तेवढ्यात अमीनभाईंनी मान हलवली आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "नाय. लेगला जात होता."

 गुलजार खो खो हसायला लागला. स्वतःच्या बॉलवर स्वतःच नॉट आउट देणारा बॉलर त्याने जन्मात पाहिला नव्हता. आम्हीही नाही. अमीनभाईंच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. तोंडावर हात ठेवून ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "तोंडातून निघाला रे. सहा वर्षांची सवय." दयानंदने टोपी काढून जमिनीवर आपटली.

पण त्यानंतर एक गंमत सुरू झाली, आणि मिडऑनला उभा असल्यामुळे ती मला दिसली. अरमान दुसरी ओव्हर टाकायला निघाला, तेव्हा अमीनभाई त्याच्या शेजारून जाताना एवढंच म्हणाले, "घाई कसली हाय तुला? जुम्याला वेल हाय अजून." एरवी रनअपच्या खुणेच्या चार पावलं मागून धावत येणारा अरमान या वेळी खुणेवरूनच निघाला. आणि समोरचा ओपनर, जो सहा बॉल ताटकळला होता, तो अरमानवर कसर काढायला धावून आला. बॉल सरळ, बॅट आडवी. दांडी गुल. दोन बॉलनंतर दुसराही तसाच गेला, मिडऑफच्या हातात झेल.

अमीनभाईंची दुसरी ओव्हर, पुन्हा दोन धावा, विकेट नाही. अरमानची तिसरी ओव्हर, पुन्हा एक विकेट. अरमान नाचत होता, पोरं त्याच्या अंगावर चढत होती. अमीनभाईंच्या पाठीवर कोणी थाप मारली नाही. मीही नाही मारली. तेव्हा मलाही वाटत होतं की अरमानला आज सूर सापडलाय.

दयानंद अमीनभाईंकडे गेला. वाईट वाटलेल्या माणसाचा आवाज काढून म्हणाला, "दोन झाल्या, अमीनभाई. विकेट नाही. आणि एक मिळत होती ती तुम्हीच घालवली. खलास. ठरलं होतं तसं."

"खलास," अमीनभाई म्हणाले. "ठरला होता." आणि ते मिडऑफला जाऊन उभे राहिले. भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उभे राहिले आणि इस्त्रीच्या शर्टाची बाही खाली ओढून बटण लावलं. 

मग आमचे बाकीचे बॉलर आले आणि सामना पुन्हा आमच्या नेहमीच्या वळणावर गेला. दयानंदला मार बसला. झैनने वाइड टाकले. अरमानची चौथी ओव्हर आली, पण आता दुसऱ्या टोकाकडून कोणी ताटकळवत नव्हतं, बॅट्समनला कसलीच घाई नव्हती, आणि अरमान पुन्हा चार पावलं मागून धावू लागला. तेरा धावा. महमूदने शेपटाकडचे चार जण कसेबसे काढले, तेही त्यांच्या आगाऊपणामुळे, आणि दोघे धावबाद झाले. मी माझी पहिली ओव्हर टाकली. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. एकोणीस.

शेवटच्या ओव्हरला त्यांना सात धावा हव्या होत्या, आणि शेवटची जोडी मैदानात होती. ओव्हर माझी, नियमाने. बॉल माझ्या हातात.

मी काही संत नाही. शेवटची ओव्हर टाकायची संधी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. गुलजारला टोपी देता देता मी मिडऑफकडे बघितलं. अमीनभाई माझ्याकडे बघत नव्हते. बाहीचं बटण उघडं होतं, आणि कोणाला दिसू नये असा उजवा हात पाठीमागे धरून ते बोटं उघडत मिटत होते. गाडीत करत होते तसंच. आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळपासूनच्या अरमानच्या तीनही विकेट अमीनभाईंच्या ओव्हरनंतरच्या होत्या. अमीनभाई थांबले आणि अरमानही पूर्वीसारखा झाला.

मी टोपी परत डोक्यावर घातली आणि बॉल घेऊन मिडऑफला गेलो. "अमीनभाई, टाका."

दयानंद धावत आला. "मधु, डोकं फिरलंय का? त्यांच्या दोन झाल्या. ओव्हर तुझी आहे. गाडी तुझी आहे."

"गाडी माझी, कोटा माझा, ओव्हर माझी. मग ती कोणाला द्यायची हे मी सांगतो."

"अरे, एक विकेट नाही त्यांना."

"अरमानला तीन आहेत ना? त्या कोणी काढल्या असं वाटतं तुला? त्या दोन ओव्हरांत बॅट्समनचा जीव गुदमरला, आणि श्वास घ्यायला ते अरमानवर धावले. इतका वेळ मलाही कळलं नाही. पण तुला आता सांगूनही कळत नसेल तर तूच कोट घाल."

 कॅप्टनशी मी असा कधी बोललो नव्हतो, कारण तसं बोललं की माणसाच्या ओव्हर जातात. आता माझ्याकडे घालवायला ओव्हरच उरली नव्हती. "टाका, अमीनभाई," तो शेवटी म्हणाला.

अमीनभाईंनी बॉल घेतला.  एवढंच म्हणाले, "मधु, बाउंडरीला उभा राहा. तुला उडी नाय मारता येत, पन तिकडं बॉल यायचा नाय."

पहिला बॉल टप्प्यावर, धाव नाही. दुसऱ्यावर दोन धावा, कडेला लागून. तिसरा बॅटच्या खालून गेला आणि कीपरच्या छातीवर आदळला, अमीनभाईंचे दोन्ही हात डोक्यावर. चौथ्यावर दोन. आता तीन हव्या होत्या आणि दोन बॉल उरले होते. त्यांचा शेवटचा गडी, मल्याळी, उंच, बॅटची पकड आवळून धरलेला. मला एवढंच वाटत होतं की हे जिंकले तर दयानंद मला नाही, अमीनभाईंना बोलणार, आणि ते पुन्हा एकदा 'खलास' म्हणून बाहीचं बटण लावतील. ते मला बघवलं नसतं.

पाचवा बॉल. सहा पावलं. खांदा या वेळी पूर्ण वर गेला, मला सीमारेषेवरूनही दिसलं. बॉल मॅटवर पडून झपकन आत आला, उंच गडी मागे सरकला, पॅडचा आवाज झाला.

आणि अमीनभाई गर्रकन वळले, दोन्ही हात पसरले, गुडघ्यांवर बसले आणि असे ओरडले की टेकाडावरून आवाज परत आला. आम्ही ओरडायचंच विसरलो. सबंध मैदानात एकटाच आवाज होता, अमीनभाईंचा.

गुलजारने बोट वर केलं. त्याच्याच टीमचा शेवटचा माणूस, हरण्याचं बोट. मल्याळी काहीतरी बोलू लागला तसा गुलजार बेल्स उचलत म्हणाला, "भाई, सुबह अपनी ही बॉल पे नॉट आउट देने वाला आदमी अब आउट माँग रहा है। अब मैं कौन होता हूँ?"

मग काय, अरमानने अमीनभाईंना उचलूनच घेतलं. झैन आणि महमूद खांदा सांभाळा, खांदा सांभाळा म्हणत त्याच खांद्यावर चढले. मी सीमारेषेवरून धावत येईपर्यंत माझ्यासाठी जागाच उरली नव्हती, तर मी दयानंदलाच मिठी मारली. किटची बॅग गाडीत टाकताना दयानंद म्हणाला, "पुढच्या सीझनला नवा बॉल अमीनभाई आणि अरमान."

"अमीनभाईंच्या चार कोणाच्या कोट्यातून?" झैनने भीतभीत विचारलं.

दयानंदने डिकी दाणकन बंद केली. "माझ्या."

जुम्याच्या नमाजाला उशीर होऊ नये म्हणून मी गाडी जोरात काढली. सांदणं आम्ही दोघांनी वाटेतच संपवली. अमीनभाई आता बोलायला लागतील, माबेलापासून अल हैलपर्यंत एकेक बॉल मला पुन्हा ऐकावा लागेल, अशी मी मनाची तयारी केली होती. पण ते गप्पच. काचेतून बाहेर बघत होते. मला काळजी वाटली.

"खांदा दुखतोय का?"

"दुखतोय. तो दुखनारच."  मग ते माझ्याकडे वळले. "मधु, एक खरा सांग. तो शेवटचा बॉल, तो लेगला जात होता काय?"

"तुम्ही बघितलं नाही?"

"बघायला गावलाच नाय रे. पॅडचा आवाज आयकला आनि मी ओरडलो. कुठं पडला, कुठं जात होता, काय पत्ता नाय. नुसता ओरडलो."

मी सीमारेषेवर होतो, मला तरी कुठून दिसणार? पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला इतका आनंद झाला की स्टिअरिंगवरचे हात सोडून टाळी वाजवावीशी वाटली.

"अमीनभाई," मी म्हणालो, "बॉल कुठे जात होता ते बघणं अंपायरचं काम. बॉलरनं फक्त ओरडायचं असतं."

 त्यांच्या मेंदीच्या दाढीत हळूहळू हसू पसरत गेलं.